मुलीच्या बापाचं डोकं

"मुलगी सोन्यासारखी आहे गं. पण बापाचं डोकं बघितलंस?"

खुर्चीत मान मागं टाकून, डोळे मिटून पडलेली बाई पुटपुटली. शेजारच्या खुर्चीतलीच्या तोंडावर मुलतानी मातीचा लेप वाळत आला होता, त्यामुळे तिनं ओठ न हलवता विचारलं, "कुणाचं? त्या रोपवाटिकावाल्या मगदूमांचं?"

"तेच. घासूनपुसून ठेवलेला तांब्या नुसता. आमच्या श्रेणिकला मुलगी पसंत आहे, ते ठीक आहे. पण उद्या नातवंडं झाली म्हणजे? रक्तातच आलंय म्हटल्यावर..."

मी तिच्या भुवईवर वाकले होते. दोऱ्याचा एक पदर माझ्या दातांत होता. थ्रेडिंग करणाऱ्या बाईला तोंड उघडता येत नाही. उघडलं तर दोरा सुटतो आणि भुवईला खिंड पडते. म्हणून गिऱ्हाइकं आमच्यासमोर काहीही बोलतात. या दोघी सांगलीहून कुणाच्या तरी बारशाला जयसिंगपुरात आल्या होत्या आणि रस्त्यात पाटी दिसली म्हणून आत शिरल्या होत्या. पाटीवर नुसतं 'चंदना' आहे, आडनाव नाही. त्यांना काय माहीत, की ती मुलगी माझी, तो तांब्याही माझाच, आणि गेली सव्वीस वर्षं तो घासूनपुसून ठेवणारीही मीच.

डावी भुवई जरा उडवावी असं फार मनात आलं. उडवली नाही. दोन्ही सारख्या कोरल्या, आरसा दाखवला, कोरफडीचा गर लावला. दोरा दातांतून सुटला तरी मी तोंड उघडलं नाही. ती श्रेणिकची आत्या होती, आणि माझ्या प्रेक्षाला श्रेणिक हवा होता.

पुढचं समजायचं तर थोडं डोक्याच्या कातडीत शिरायला हवं.

पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. त्यातलं थोडं कातडीतच बदलतं आणि जास्त जहाल होतं; त्याला डीएचटी म्हणतात. दाढीमिशीला ते खतासारखं लागू पडतं आणि टाळूवरच्या केसांना मात्र बाधतं. माणूस एक, रक्त एक, पण टाळूवरच्या मुळांना त्याची हाक ऐकू येते आणि मानेवरच्या, कानामागच्या मुळांना ती ऐकूच येत नाही. ज्यांना ऐकू येतं ती मुळं दर खेपेला थोडी आक्रसतात. केस वाढायचा काळ आखडत जातो. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, बारकाच्या जागी लव. मूळ लगेच मरत नाही, लहान लहान होत जातं. प्रत्येक टकल्याच्या डोक्याला मागून झालर असते ना, ती या बहिऱ्या मुळांची.

पूर्वी यावर एक गोळी होती, डीएचटी फारसं बनू न देणारी. एक पातळ औषध होतं, केस वाढायचा काळ लांबवणारं. दोन्ही थांबवलं, की गळती पुन्हा सुरू. ज्यांना सोसेल ते मागची मुळं उचलून पुढं लावून घेत. पण झालर ती केवढी, आणि उसवायची किती? मग पेरणी निघाली. मुळाच्या तळाशी पेशींचा एक बारीक गोळा असतो, तोच केसाला 'उगव' म्हणून सांगतो. बहिऱ्या मुळांतल्या या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि टाळूत टोचायच्या. अडचण अशी होती, की सपाट बशीत वाढवल्या की या पेशी आपलं काम विसरायच्या. कुणीतरी त्यांना थेंबात उलटं लोंबकळत ठेवून पाहिलं. थेंबाच्या तळाशी त्या एकमेकींना बिलगल्या, त्यांचा गोळा झाला, आणि त्यांना काम आठवलं. मग दहा मुळांपासून दहा हजार मुळं करायला फार वर्षं लागली नाहीत.

बिलगल्याशिवाय आठवत नाही, हे मला फार आवडलं होतं. पुरुषांना त्यातलं एवढंच कळलं, की आता टक्कल ठेवायला काही सबब उरली नाही.

इलाज निघाला त्या दिवशी टक्कल हा रोग झाला. तोवर ते नुसतं डोकं होतं. दोन वर्षांत जयसिंगपुरातले टकले संपले. पतसंस्थेचे चेअरमन, ऊसतोडणी यंत्रांचे मालक, आमचा दातांचा डॉक्टर, साठीला टेकलेले बाप्ये कपाळावर झुलपं घेऊन फिरायला लागले. ज्यांनी जन्मात बायकोच्या वेणीकडं नजर टाकली नाही ते तिलाच माझ्याकडं पाठवायचे, कंडिशनर कुठला चांगला ते विचारून ये म्हणून. एका गृहस्थानं तर मुलाची मुंज केल्यासारखं सगळ्या नातेवाइकांना जेवण घातलं, पहिली कटिंग झाली म्हणून. लोक जेवून आले. आहेरसुद्धा दिला असणार, कंगव्याचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण टक्कल आणणाऱ्या सूचनांमधली सगळ्यात जोरकस सूचना एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. बापाचा एकुलता एक एक्स जातो मुलीकडं, हमखास. म्हणजे टकल्या बापाची मुलगी बहुधा ती सूचना घेऊन सासरी जाते, तिचे स्वतःचे केस झकास राहतात, आणि तिच्या निम्म्या मुलग्यांच्या डोक्यात ती उतरू शकते. शास्त्रज्ञांनी पुढं असंही लिहिलं होतं, की अशा लहानमोठ्या सूचना आणखी शेकड्यांनी आहेत, त्या आईबाप दोघांकडून येतात, तेव्हा एका डोक्याकडं बघून काही ठरवू नका. तो परिच्छेद मोबाइलवरून पुढं पाठवता पाठवता गळला.

मुलगी झाली की दोष बाईचा, हे शास्त्र उलट सांगत असूनसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या चाललं. इथं तर शास्त्रानंच आईचं नाव घेतलेलं. मग काय विचारता! स्थळ बघायला आलेले लोक पोह्यांची बशी हातात घेऊन आधी मुलीच्या बापाच्या डोक्याकडं बघायला लागले. बापानं पेरणी करून घेतलेली असली तर चालायचं. त्यानं रक्तातलं बदलत नाही हे शेंबड्या पोराला कळत होतं. पण लग्नाच्या फोटोत बापाच्या डोक्यावर केस दिसले, की पुढचं कुणी विचारायचं नाही, अशी रीतच पडली. रीत पडायला आपल्याकडं वेळ लागत नाही.

सुकुमार मगदूम, माझे यजमान, मला बघायला आले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि टाळूवर तेव्हाच काही उरलं नव्हतं. पोहे यायच्या आधीच त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सगळ्यांना म्हणाले, "हे असं आहे. आत्ताच बघून घ्या, मागनं तक्रार नको." आतल्या खोलीत माझ्या दोन मावश्या पदर तोंडात कोंबून हसल्या. त्याआधी तीन मुलं मला बघून गेली होती. तिघंही बघायलाच आली होती. स्वतःचं काही दाखवावं असं एकालाही वाटलं नव्हतं. मी आतूनच आईला 'हो' म्हणून खूण केली. ती टोपी माझ्या माहेरी राहिली ती राहिलीच. त्यांनी पुन्हा मागितली नाही आणि दुसरी घेतली नाही.

बिरनाळ्यांचं घर सांगलीत, विश्रामबागेत. जिनदत्त बिरनाळ्यांचा ठिबकच्या पाइपांचा मोठा व्यापार. डोक्यावर जन्माचे, दाट, कुरळे केस, आणि बोलताना त्यातून बोटं फिरवायची सवय. त्यांचा मुलगा श्रेणिक आणि आमची प्रेक्षा कोल्हापूरच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं शेजारी बसतात. आम्ही तिघं बोलणी करायला त्यांच्याकडं गेलो, तर पोरानं गुपचूप स्वतःची खुर्ची देऊन मला पंख्याखाली बसवलं, तेव्हाच मला आवडला. भिंतीवर त्रिशलाताईंच्या, म्हणजे श्रेणिकच्या आईच्या, वडिलांचा, अप्पांचा, फोटो होता. फेटा अगदी भुवयांपर्यंत ओढलेला.

आत्याही हजर होती. तिच्या भुवया मी लांबूनच ओळखल्या. तिनं मला ओळखलं आणि नाश्ता होईपर्यंत बशीतून मान वर काढली नाही.

"आमच्या घराण्यात," बिरनाळे म्हणाले, "सात पिढ्यांत टक्कल नाही. देवाची कृपा."

श्रेणिक मोबाइलमध्ये बघायला लागला. त्रिशलाताई उठल्या आणि भरलेले पेले तसेच ट्रेमध्ये घेऊन आत गेल्या.

"चांगलंय की," सुकुमार म्हणाले.

"तसं नाही हो, पाव्हणं. आता काळ बदललाय. सांगलीत आपले ओळखीचे डॉक्टर आहेत. साखरपुड्याला अजून चांगले सहा महिने आहेत. म्हणजे... समजून घ्या की."

"काय समजून घेऊ?"

"आता काय सांगायचं! फोटोबिटो निघतात. चार माणसं बघतात. ते एवढं... करून घेतलं म्हणजे बरं."

'ते'. तासाभरात 'ते' हा शब्द नऊ वेळा आला. 'टक्कल' एकदाच आला, तोही सात पिढ्यांत नसलेला.

"बिरनाळेसाहेब," सुकुमार म्हणाले, "मी तीस वर्षं उसाची रोपं करतोय. बेण्याला हिरवा रंग मारून रोप सुधारत नाही."

सगळे मोठ्यांदा हसले. पाव्हणे फार विनोदी आहेत, असं आत्या म्हणाली. बिरनाळ्यांना वाटलं, हे हो म्हणाले.

परतताना गाडी आपली आपण चालत होती. पूर्वीच्या गाड्या बऱ्या होत्या. चालवणाऱ्याला निदान रस्त्याकडं बघत गप्प बसता यायचं. आता तिघं तीन दिशांना तोंडं करून बसलो. प्रेक्षा म्हणेल, 'नको अण्णा, काही गरज नाही,' म्हणून मी वाट बघत होते. अंकलीचा पूल गेला. उदगावचा फाटा गेला. तिनं काच खाली केली, पुन्हा वर केली.

ती पाचवीत असताना एकदा म्हणाली होती, "अण्णा, तुम्ही फाटकापाशी नका थांबू, मुली हसतात." त्यांनी 'का हसतात' असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबायला लागले, दहावी होईपर्यंत. मला हे माहीत होतं, तिला आठवत होतं, आणि त्यांनी विसरल्याचं सोंग केलं होतं. आणि मी? मीही गप्पच होते. दोरा कुठं होता माझ्या दातांत?

जयसिंगपूरची कमान दिसली तेव्हा तेच म्हणाले, "करून टाकू. केसच तर आहेत."

"बरं, अण्णा," प्रेक्षा म्हणाली. लगेच म्हणाली. मला तिची आई असल्याची लाज वाटली आणि माझी स्वतःची त्याहून जास्त.

दवाखान्यातला डॉक्टर प्रेक्षाहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं आम्हाला काचेतून प्रयोगशाळा दाखवली. ट्रेमागून ट्रे, आणि ट्रेच्या झाकणांना आतून लोंबकळणारे हजारो थेंब. सुकुमार कशासाठी आलोय ते विसरूनच गेले. नाक काचेला लावून म्हणाले, "हे तर आमचंच काम की! आम्ही उसाचे डोळे लावतो कोकोपीटमध्ये, नारळाच्या भुश्यात, हे थेंबात. मर किती टक्के होते?"

"आठ-दहा टक्के, काका."

"चांगलंय. आणि मातृबेणं निरोगी आहे याची खात्री करता का?"

"तुमच्याच मानेवरचं आहे हो."

"मग कणखर असणार. चोपन्न वर्षं ऊन खाल्लंय त्यानं."

मी डॉक्टरला विचारलं, "हे नातवापर्यंत पोचतं का?"

"नाही. पेरणी कातडीत होते, काकू. रक्तात नाही."

"मग उपयोग काय?"

पोरगा खोटारडा नव्हता. "फोटो छान येतात," म्हणाला. "खरं सांगू? अर्धेअधिक काका लोक मुलीच्या लग्नासाठीच येतात. आम्ही त्याला सासरेबुवा पॅकेज म्हणतो." मग माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणाला, "अगदी नैसर्गिक दिसतं. फक्त भोवरा येत नाही. भोवरा आईच्या पोटातच ठरतो. आम्ही सुई घालू त्या दिशेला केस येतात, सगळे एकसारखे. पण ते कुणाच्या लक्षात येत नाही."

कुणाच्या म्हणजे पुरुषांच्या. भांग पाडून पोट भरणाऱ्या बाईला भोवरा आधी दिसतो, मग तोंड.

मानेवरून नखाएवढा तुकडा काढून घेतला, पट्टी बांधली. पेशी वाढायला तीन आठवडे. पेरणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी. धूळ बसू नये म्हणून चार दिवस टोपी घाला, असं डॉक्टरनं सांगितलं. सुकुमारांनी बाजारातून पांढरी टोपी आणली. चार दिवसांनी पट्टी निघाली, टोपी निघाली नाही. रोपवाटिकेत टोपी, जेवताना टोपी. जाता-येता त्यांच्या डोक्यावर तळवा टेकवायची मला सवय. उन्हातून आले की गरम असायचं, आंघोळीनंतर गार. माणूस कसा आहे ते हाताला कळायचं. आता हाताला कापड लागायचं. एकदा मी टोपी उचलायला गेले, तर त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"राहू दे. सवय करतोय."

"कसली?"

"डोक्यावर काहीतरी असायची."

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, केशलोच होता. चातुर्मासासाठी एक मुनिमहाराज आले होते. दिगंबर मुनी वस्तरा, कात्री लावत नाहीत. तीन-चार महिन्यांनी डोक्याचे, दाढीमिशीचे सगळे केस स्वतःच्या हातानं उपटून काढतात, उपास धरून, चारचौघांसमोर. देहाचा मोह उरला नाही, हे दाखवायची ती रीत. उपटलेले केस एका कुटुंबानं कापडात झेलायचे असतात, आणि तो मान या खेपेला बिरनाळ्यांनी सांगलीहून येऊन घेतला होता. संध्याकाळच्या आत जेवणं उरकली, की तिथंच साखरपुड्याची नक्की तारीख काढायची, असं ठरलं होतं.

मांडव भरला होता. पुरुष पुढं, बायका त्यांच्या मागं. महाराज पाटावर बसले, राख बोटांना लावली आणि कपाळाच्या कडेपासून सुरुवात केली. चिमूट धरायची, ओढायची, ठेवायची. चेहरा तसाच. केस निघताना फार बारीक आवाज होतो. णमोकार मंत्र चालला होता, तरी तो आवाज मला ऐकू येत होता. तीस वर्षं दोऱ्यानं तोच आवाज काढतेय मी. कातडी हळूहळू लाल झाली. एका ठिकाणी रक्ताचा थेंब आला, त्यावर त्यांनी राख दाबली आणि पुढची चिमूट धरली.

माझ्या शेजारी त्रिशलाताई. पदर घट्ट डोक्यावर.

"दुखत असेल, नाही का हो, वैनी?" त्यांनी कानाशी विचारलं.

"दुखत असणारच."

"आमचे अप्पा..." त्या म्हणाल्या, आणि पुढचं गिळलं.

मी समोर बघितलं. पुरुषांच्या रांगा आमच्याकडं पाठ करून, हात जोडून, माना वाकवून बसल्या होत्या. वाकलेल्या मानेत भोवरा चांगला दिसतो. मी सहज बघायला लागले आणि बघतच राहिले. पहिल्या रांगेत भोवरा नाही. दुसऱ्या रांगेत पतसंस्थेचे चेअरमन, नाही. त्यांच्या शेजारचे दोघं, नाही. रांगेमागून रांग, कुरणातलं गवत एका वाऱ्यानं एका अंगाला झुकावं तशी डोकी. विकत घेतलेल्या केसांखाली मान वाकवून ही मंडळी केस उपटणाऱ्याला नमोस्तु म्हणत होती. काहींच्या डोळ्यांना धाराही लागल्या होत्या. खोट्या नव्हत्या, हेच तर वाईट.

पाटाजवळ बिरनाळे कापडाची दोन टोकं धरून बसले होते. त्यांच्या डोक्यावर एक सोडून दोन भोवरे, ठसठशीत. सात पिढ्या खऱ्या असतील. दुसरी दोन टोकं श्रेणिककडं. केस नीट झेलायला तो पुढं वाकला, आणि मला त्याचा माथा दिसला. काळेभोर, दाट, सुंदर केस. सगळे एका दिशेला.

मी त्रिशलाताईंकडं बघितलं. मी काय बघितलं ते त्यांनी बघितलं होतं. त्यांनी पदर आणखी पुढं ओढला. भिंतीवरचा, भुवयांपर्यंत फेटा ओढलेला फोटो मला आठवला.

बोलावंसं वाटलं. बोलले असते तर लग्न मोडलं असतं, आणि सोमवारही टळला असता. मी काय कशाशी तोलत होते तेच मला कळेना.

तासाभरानं महाराजांनी शेवटची चिमूट कापडात ठेवली. सबंध डोकं लालबुंद, उघडं, ओलसर. जयजयकार झाला. लोक दर्शनाला पुढं सरकले, आम्हीही. पाटापाशी आमची दोन्ही घरं एकत्र आली. सुकुमार महाराजांच्या समोर आले, क्षणभर त्यांच्या त्या डोक्याकडं बघत उभे राहिले, आणि सवयीनं नव्हे, विसरल्यासारखी, टोपी काढून त्यांनी गुडघे टेकले. "नमोस्तु," म्हणाले. दोन उघडी डोकी समोरासमोर. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि किंचित हसले, मला तरी तसं वाटलं.

सुकुमार उठले तेव्हा टोपी हातातच होती.

बिरनाळे कापडाची घडी छातीशी धरून त्यांच्या कानाशी वाकले. "पाव्हणं, टोपी घाला. चार माणसं बघतात."

महाराजांच्या समोर! त्यांचे केस हातात धरून! मी बिरनाळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यात लबाडी नव्हती, काळजी होती. आपण काय बोललो हे त्यांना अजूनही कळलेलं नसेल.

सुकुमार ओशाळले. "हो, हो," म्हणाले आणि टोपी झटकून डोक्याकडं नेली. ती वाटेतच थांबली. प्रेक्षानं ती धरली होती.

"राहू दे, अण्णा."

"अगं, बघतात लोक."

"बघू देत. माझ्या शाळेच्या फाटकापाशी पण..." तिनं टोपी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दोन्ही हातांत चुरगाळून धरली. सुकुमारांनी तिच्याकडं बघितलं, आणि मग उघड्या डोक्यानं नुसते उभे राहिले, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभे राहायचे तसे, घाई नसल्यासारखे.

आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. आत्या पुढं सरसावली. बिरनाळ्यांचा चेहरा तांबडा झाला. "श्रेणिक, समजाव जरा हिला. उद्याचं ठरलंय ना ते? मग एका दिवसासाठी हा तमाशा कशाला? आम्ही काय जास्त मागितलं? आमच्या घरात एवढी वर्षं..."

श्रेणिकनं मान खाली घातली. सगळे एका दिशेला.

मी तोंड उघडलं. दातांत दोरा नव्हता. पण माझ्या आधी शेजारून आवाज आला, इतका साधा, की भाजी किती घ्यायची ते विचारावं तसा.

"त्यांना टोपी घालायला सांगू नका."

"तू मध्ये पडू नकोस, त्रिशला."

"सव्वीस वर्षं नाही पडले," त्रिशलाताई म्हणाल्या. त्यांचा पदर खांद्यावर आला होता. त्यांनी मंत्र थांबल्यावर हात जोडले होते ते अजून तसेच होते. "माझ्या लग्नात अप्पांना मी फेटा काढू दिला नव्हता. भर वैशाखात, सकाळपासून. त्यांना घेरी आली, पाणी मारलं तोंडावर, तरी मी म्हटलं, फेटा राहू दे, सासरची माणसं आहेत. मग श्रेणिकचे केस जायला लागले. बाविसाव्या वर्षी. तेव्हा तुम्ही सगळे माझ्याकडं बघायचात आणि काही बोलायचा नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं."

"आई," श्रेणिक म्हणाला.

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केसांवरून नाही, केसांच्या आत, बोटं रुतवून.

"अप्पा टकले होते. ते माझ्याकडनं आलं. आणि आमचा श्रेणिक टकला आहे."